लाखेच्या शिक्क्याचं पत्र

दिवाणजी म्हणायचे, "मी प्रेम कधी केलेलं नाही. पण प्रेमाचा माझ्याइतका अभ्यास सांगलीत कुणाचा नाही." हे ते बायकोच्या देखत म्हणायचे. काकू तांदूळ निवडता निवडता मान हलवायच्या. दोन्ही वाक्यं त्यांना मान्य असावीत.

सांगलीच्या एका हळदीच्या अडतीत ते दिवाणजी होते. घराण्याचं मूळ गाव वाई, पण सगळी नोकरी सांगलीत झालेली. काळी टोपी, काटकुळा बांधा, आणि दहाही बोटांची टोकं कायमची पिवळी. हळद पारखण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पोतं उघडलं की एक हळकुंड उचलायचं, कानाशी धरून मोडायचं आणि डोळे मिटून आवाज ऐकायचा. मग सांगायचे, ही नीट शिजलेली नाही, किंवा ही वाळवताना घाई केली आहे. शेतकरी चकित व्हायचा, कारण घाई खरंच केलेली असायची.

कादंबऱ्याही ते अशाच पारखायचे. मधलंच पान उघडायचं, दोन ओळी मोठ्यानं वाचायच्या आणि मान तिरकी करून गप्प राहायचं. घरात जुन्या कादंबऱ्यांनी भरलेली दोन लाकडी कपाटं होती. कसर लागू नये म्हणून पानापानांत हळदीची पूड भुरभुरलेली. त्यांच्याकडचं पुस्तक वाचून उठलं की हात असे दिसायचे, जणू आपल्यालाच कुणी हळद लावलीय. समासात त्यांचे शेरे असत. "येथे नायकाने गप्प बसावे." "हे पत्र पाठवू नये." आणि सगळ्यांत जास्त वेळा, दोनच शब्द: "बाप बरोबर."

ते नेहमी मुलीच्या बापाच्या बाजूनं असत. ते म्हणत, लिहिणारे सगळे तरुण असतात, त्यामुळं बाप बिचारा खलनायक होतो. पण त्याच्या जागी उभं राहून बघ. घोड्यावरून एक अनोळखी माणूस येतो, विहिरीवर पाणी मागतो आणि चौथ्या पानावर तुमची मुलगी मागतो. द्याल तुम्ही?

मी त्यांच्याकडं भाडेकरू म्हणून आलो तो दुसऱ्या मोठ्या लढाईच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी. खानदेशातलं माझं गाव. आईबाप लहानपणीच गेले होते, शाळा चौथीत सुटली, आणि चुलत्याच्या ओळखीनं माधवनगरच्या गिरणीत मागावर लागलो. इथली भाषा वेगळी, जेवण वेगळं, आणि "तुमचं पाव्हणं कोण?" हा प्रश्न जो तो पहिल्या भेटीतच विचारायचा. माझ्याकडं त्याला उत्तर नव्हतं. खोली बघायला गेलो तेव्हा दिवाणजींनी तो प्रश्न विचारला नाही. त्यांनी विचारलं, "वाचता येतं का?"

मी म्हणालो, अडखळत येतं.

"मग रोज संध्याकाळी एक पान मोठ्यानं वाचायचं. ही अट मान्य असेल तर खोली तुझी."

आज मी हे लिहितो आहे, ते त्या एकेका पानाच्या जिवावर. अजूनही लांब वाक्य लिहिलं की ते शेवटपर्यंत नीट पोचलं का, अशी धास्ती वाटते. पण पहिल्या वर्षी तर एक पान वाचायला अर्धा तास लागायचा, आणि त्या अर्ध्या तासात दिवाणजींनी एकदाही मला मधे तोडलं नाही. कुठल्याही शाळेत मला इतकं कुणी ऐकून घेतलं नव्हतं.

आयुष्यातली कुठलीही गोष्ट ते प्रकरणात मोजायचे. शेजारच्या पोराचं लग्न ठरलं की म्हणायचे, याचं शेवटचं प्रकरण आलं. कुणाची भांडणं ऐकली की, "सातवं. सातव्यात गैरसमज असतोच." लग्न झाल्यावर मात्र ते गप्प व्हायचे. पुस्तकं तिथंच संपतात, पुढचं आपल्याला ठाऊक नाही, असं ते प्रामाणिकपणे कबूल करायचे. काकू आतून म्हणायच्या, "ते दिसतंच आहे."

पण त्यांचा सल्ला लागू पडायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. अडतीतल्या एका हमालाची बायको रुसून माहेरी मिरजेकडं गेली होती आणि सासरा तिला पाठवायला तयार नव्हता. हमाल म्हणत होता, मी चार माणसं घेऊन जातो आणि आणतो. दिवाणजींनी त्याला समोर बसवलं. म्हणाले, रुसणारा जावई मी खूप वाचलाय, त्याच्यामुळं पुस्तक दीडशे पानांनी लांबतं. तू एकटा जा. सासऱ्याच्या शेतात आठ दिवस राब, आणि बायकोचं नावसुद्धा काढू नकोस. हमाल गेला. सहाव्या दिवशी सासऱ्यानंच लेकीचं गठुडं आणून त्याच्यापुढं ठेवलं. म्हणाला, "घिऊन जा बाबा हिला. तू सगळी कामं उरकलीस, माझं गडी बसून हायती."

त्यानंतर बाजारातली निम्मी माणसं दिवाणजींना घरगुती भांडणं विचारायला येऊ लागली. आणि मीही.

माझं असं होतं. गिरणीत शेजारच्या मागावर सर्जा नावाचा दोस्त होता, पलूसजवळच्या एका गावचा. घरी ऊस, विहीर, चांगलं खातंपितं घर. पहिल्या वर्षी तो मला गुऱ्हाळ बघायला घेऊन गेला, मग सुट्टी पडली की नेऊ लागला. त्याची धाकटी बहीण इंदू. काहिलीतली काकवी भाकरीबरोबर वाढताना तिनं पहिल्यांदा विचारलं, "तुमच्याकडं ऊस नसतू व्हय?" मी म्हणालो, केळी असतात. ती म्हणाली, "मंग केळी सोडून हिकडं कशाला आलाव?" मला उत्तर सुचलं नाही. ते सुचायला मला पुढं सहा महिने लागले, आणि तोवर मी पुरता अडकलो होतो.

मग सर्जा पलटणीत भरती झाला आणि समुद्रापार गेला. त्याची बायको, म्हणजे आमची वहिनी, सासरीच राहिली. ती एकुलती एक, माहेरी फक्त म्हातारे आईबाप. सर्जाची खबर विचारायच्या निमित्तानं मी जात राहिलो. आबा, म्हणजे सर्जाचे वडील, मला नीट वागवायचे, पण सर्जाचा दोस्त म्हणून. जात एकच असली तरी सोयरीक म्हणजे गाव, कूळ, देवक, कोण कुणाचं कोण, हे सगळं आलं. माझ्याकडं यातलं दाखवायला काहीच नव्हतं.

दिवाणजींनी हे सगळं ऐकून पहिला प्रश्न केला, तिला विचारलंस का? त्यांचं म्हणणं, कादंबरीत बापाला विचारतात, भावाला विचारतात, गुरुजींना विचारतात, आणि मुलीला शेवटून दुसऱ्या प्रकरणात. ही मोठी चूक आहे. आधी तिला विचार.

विचारलं. विहिरीच्या वाटेवर, घाम पुसत, चार शब्दांत. इंदूनं घागर खाली ठेवली नाही. म्हणाली, "दादा लढाईवरनं येऊ द्या. आत्ता आमच्या घरात कुनाचं कशात ध्यान न्हाई." एवढं बोलून चालू लागली आणि दहा पावलांवर थांबून म्हणाली, "न्हाई म्हनलं न्हाई म्या."

मी ते वाक्य सांगलीपर्यंत तोंडात घोळवत आलो.

इथं माझी चूक झाली, आणि दिवाणजींचीही. थोड्या दिवसांनी कळलं की औंधाकडचे कुणी पाव्हणे यमाईच्या जत्रेनंतर इंदूला बघायला येणार आहेत. मी घाबरलो. दिवाणजी मात्र एकदम उभे राहिले. डोळे चमकले. म्हणाले, "अकरावं प्रकरण. प्रतिस्पर्धी येतो. आता जो थांबला तो संपला." मी म्हणालो, ती थांबा म्हणाली आहे. ते म्हणाले, ती तसंच म्हणणार, नायिका आहे ती. बापाला पत्र गेलं पाहिजे, आणि असं गेलं पाहिजे की ते हातात घेताच वजन कळावं.

दोन दिवस ते पत्र चाललं होतं. शब्द त्यांचे, अक्षर त्यांचं, खाली सही माझी. "आपल्या कन्यारत्नास माझ्या आयुष्याच्या देवघरातील नंदादीप" अशी काहीशी सुरुवात होती. कार्ड त्यांना चालेना, ते कुणीही वाचतं. अडतीतलं लांबडं, जाड खाकी पाकीट आणलं. वर झोकदार अक्षरात पत्ता. आणि शेवटी, हळदीच्या नमुन्याच्या पिशव्यांवर लावतात ती लाल लाख वितळवून त्यांनी पाकिटावर शिक्का मारला. "मोठ्या घरात पत्र जातं ते असं," म्हणाले. काकूंनी दारातून पाहिलं आणि एवढंच विचारलं, कुणाच्या घरी चाललंय? दिवाणजी म्हणाले, तुला काय करायचंय. काकू आत गेल्या.

सोमवारी गिरणीत सर्जाच्या गावचा एक माणूस माझ्याकडं आला, माग थांबव म्हणाला आणि काय झालं ते सांगू लागला.

त्या घरात आजवर आली ती सर्जाची कार्डं. जाड खाकी पाकीट, त्यावर लाल लाखेचा शिक्का, असं काही पोस्टमन पहिल्यांदाच घेऊन आला. पोरगा लढाईवर. पोस्टमनला वाचता येत होतं, पण पाकीट उघडायचा त्यालाही धीर झाला नाही. तो ओट्यावर टेकला आणि म्हणाला, मास्तरला बोलवा. मास्तर दुसऱ्या वाडीला गेलेला. तो येईपर्यंत तीन तास गेले. त्या तीन तासांत सर्जाची आई दोनदा बेशुद्ध पडली, आबा खांबाला टेकून बसले ते उठले नाहीत, सगळं गाव अंगणात जमलं, आणि भावकीतल्या दोन म्हाताऱ्यांनी वहिनीला धरून तिचं कुंकू पुसलं आणि बांगड्या फोडल्या.

मग मास्तर आला. त्यानं पाकीट फोडलं आणि साऱ्या गावासमोर "आपल्या कन्यारत्नास" पासून वाचायला घेतलं.

सांगणाऱ्या माणसानं नंतर विचारलं, "आसं कसं क्येलंस गड्या?"

घरी येऊन दिवाणजींना सांगितलं. ते ऐकत होते तसे खाली बसत गेले. काकूंनी हातातलं काम ठेवलं. म्हणाल्या, "पलटणीतल्या पोराच्या घरी शिक्क्याचं पाकीट पाठवलंत? अहो, तिथं कार्ड आलं तरी बायका दारापर्यंत पळत येतात." त्यानंतर दोन दिवस मी संध्याकाळी पुस्तक घेऊन गेलो, तर दिवाणजींनी हातानंच नको म्हटलं. त्यांना मी असं कधी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्यांना पुन्हा उभारी आली. म्हणाले, अशा वेळी दोन वाटा असतात. एक म्हणजे नायक देशांतराला जातो आणि कर्तबगार होऊन परततो. दुसरी म्हणजे तो आजारी पडतो आणि मुलीचे वडील समाचाराला येतात. काकूंनी शांतपणे सांगितलं, कर्तबगार होईपर्यंत पोरगी उजवलेली असेल, आणि हा मेला तरी तिकडून कुणी समाचाराला येणार नाही. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "त्या सुनेचे हात अजून तसेच आहेत का रे? ते विचार आधी."

मी गिरणीतल्या त्याच माणसाला विचारून आलो. हात तसेच होते. कुंकू तिनं त्याच दिवशी पुन्हा लावलं, पण बांगड्या भरायला नकार दिला. सासूनं कासार बोलावला, तर तिनं त्याला दारातूनच परत पाठवला. म्हणाली होती, "पाकीट फोडायच्या आधी माझ्या बांगड्या फोडल्या. ज्यांनी फोडल्या त्यांच्या हातच्या मी भरनार न्हाई." सासू रडली, आबांनी समजावलं. ती कामं सगळी करत होती, पण मोकळ्या हातांनी. नवरा जिवंत असलेल्या बाईचे मोकळे हात रोज डोळ्यांपुढं. ते घर कसं जेवत असेल, या विचारानं मला जेवण जाईना. माझ्या मनात मागणी वगैरे काही उरलं नव्हतं. हे मी खरं सांगतो. इंदूचं जिथं होईल तिथं होवो, पण ते हात भरले पाहिजेत, एवढंच मनात होतं.

ठरवलं की रविवारी जायचं. दिवाणजींनी टोपी घातली. मी म्हणालो, तुम्ही कशाला, लोक काहीबाही बोलतील. ते म्हणाले, "शब्द माझे, अक्षर माझं, शिक्का माझा. स्वतःची चूक दुसऱ्याला कबूल करायला पाठवणारा माणूस मी कुठल्या पुस्तकात सहन केला नाही. मी येतो." चार पानांचं भाषण लिहून त्याची घडी त्यांनी उपरण्यात घेतली होती. गाडीत ते मनातल्या मनात म्हणत होते, ओठ हलत होते.

पलूसच्या बाजारातून मी एक म्हातारा कासार बरोबर घेतला आणि आम्ही तिघं गावात शिरलो. पोरं मागून चालू लागली. एकजण ओरडला, "नंदादीप आला रं." मी खाली बघून चालत राहिलो.

आबा ओट्यावर होते. दिवाणजी पुढं झाले, हात जोडले, घडी काढली आणि सुरुवात केली, "आबासाहेब, मनुष्याच्या हातून..."

आबांनी त्यांच्याकडं पाहिलं. आवाज न चढवता म्हणाले, "पत्र तुमीच लिवलं न्हवं? आक्षर लय झाक हाय तुमचं. आता बसा, आन् बोलू नगा."

दिवाणजी बसले. त्यांचं भाषण तिथंच संपलं. ज्या माणसाजवळ प्रत्येक प्रसंगाचं वाक्य तयार असायचं, तो बैलांच्या गव्हाणीशेजारी पोत्यावर टोपी मांडीवर घेऊन बसून राहिला.

मी आबांच्या पाया पडलो. म्हणालो, कासार आणलाय, वहिनीच्या बांगड्या भरायच्या आहेत. सासू दारात आली आणि पुन्हा आत गेली. शेवटी वहिनीच बाहेर आली आणि उंबऱ्याच्या आतच थांबली. हात पदराखाली. मागं इंदू उभी होती.

कासारानं फडकं अंथरलं, हिरव्या बांगड्यांच्या माळा सोडल्या आणि त्याच्या धंद्याच्या रिवाजाप्रमाणं, कुणाच्याही दारात विचारतात तसं विचारलं, "कुनाकडनं भरायच्या? सासरच्या का माहेरच्या?"

सासरच्या म्हटलं तर ती आत जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कासाराला मात्र काही ठाऊक नव्हतं, तो आळीपाळीनं आमच्याकडं बघत होता. माझ्या तोंडून शब्द गेला तो मी ठरवून काढलेला नव्हता.

"माहेरच्या."

वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. फार वेळ पाहिलं. मला वाटलं, आता ही काहीतरी लागेल असं बोलणार, आणि ते मी ऐकून घेणार. तिनं विचारलं, "माहेरचं कोन?"

मी म्हणालो, "मी. चालत असलो तर."

ती उंबरा ओलांडून खाली आली, फडक्यासमोर बसली आणि पदराखालून दोन्ही हात काढून कासारापुढं धरले. शेवटची बांगडी चढली तशी तिनं कासाराला वाकून नमस्कार केला, मग माझ्यापुढं आली आणि म्हणाली, "थोरला हायस का धाकटा, सांग. न्हाईतर पाया पडायचं कुनी?" मी धाकटा निघालो. मी तिच्या पाया पडलो. आतून सासूच्या रडण्याचा आवाज आला, पण तो निराळा होता.

मग जेवायला बसवलं. दिवाणजींनाही आत बोलावलं; ते खाली मान घालून जेवले. हात धुतल्यावर आबा म्हणाले, "त्या पत्रातलं निम्मं मास्तरलाबी समजलं न्हाई. काय म्हननं हुतं त्ये तुझ्या तोंडानं सांग."

मी म्हणालो, आज मागणी घालायला आलो नाही. ते पत्र फाडून टाका.

"फाडीन की. पर इचारतो. तू मानूस बरा हायस, आज बघितलं म्या. पर उद्या काय वाईट-वंगाळ झालं तर मी कुनाच्या दारात जाऊ? तुझ्या मागं कोन हाय? पोरगी मानसात द्यायची असती, गिरनीत न्हाई."

तो प्रश्न बरोबर होता. दिवाणजींच्या समासातले दोन शब्द मला आठवले. लांब खानदेशात एक चुलता, तोही पत्राला उत्तर देत नाही. मी उठायला लागलो.

तेवढ्यात आतल्या दारातून वहिनी बोलली. या घरात सासऱ्याशी ती कधी थेट बोलत नसे.

"आबा, त्याच्या मागं मी हाय."

आबा वळले. ती डोक्यावरचा पदर सारखा करत तिथंच उभी राहिली.

"चार मानसांसमोर त्यानं माझं माहेर केलं. तुमी बघत हुता, आडवलं न्हाई. मंग मी त्याची भैन झाले का न्हाई? भैन हाय तर भावासाठी नणंद मागायचा हक माझा हाय. मी हिथं दिल्याली, हितली पोरगी माझ्या भावाला. साटंलोटं हुतंच की आपल्यात. वाईट-वंगाळ झालं तर माझ्याच दारात यायचं, लांब न्हाई. सैपाकघरातच असते मी."

आबांनी बायकोकडं बघून विचारलं, पोरीचं काय?

वहिनी म्हणाली, "तिला इचारलंय म्या. ती म्हनती, हितनं फुडं कुनी पत्र लिवायचं न्हाई."

आबांच्या मिशा हलल्या. त्यांनी मला पुन्हा खाली बसायची खूण केली. म्हणाले, "सर्जा आल्याबिगर सुपारी फुटायची न्हाई. तवर औंधाच्या पाव्हण्यास्नी मी सांगतो."

सर्जा पुढं सुखरूप आला, सुपारी फुटली, लग्न झालं आणि माझ्या बाजूनं पहिल्या रांगेत वहिनी आणि काकू बसल्या. पण तो पुढचा भाग, आणि पुढचा भाग पुस्तकात नसतो. माझ्या डोळ्यांपुढं राहिला आहे तो त्या दिवशीचा परतीचा प्रवास. आम्ही स्टेशनवर बाकावर बसलो होतो. ऊन कलत होतं. माझे पाय जमिनीला लागत नव्हते, पण शेजारचा माणूस आबांनी बसवल्यापासून बोललेला नव्हता, आणि त्याचं काय करावं मला कळत नव्हतं. चार पानांची घडी त्यांच्या हातात तशीच होती. मला वाटलं, आता ते म्हणतील, हे अमुक एका पुस्तकात असंच आहे. पण ते रुळांकडं बघत होते, आणि आयुष्यभर वाचलेली दोन्ही कपाटं मनात एकेक करून चाळूनही तसं पान सापडत नसावं, असा त्यांचा चेहरा होता.

गाडीची शिट्टी ऐकू आली तेव्हा त्यांनी विचारलं, "त्या सुनबाईंना वाचता येतं का रे?"

मी म्हणालो, नाही, अक्षरओळख नाही.

दिवाणजींनी टोपी डोक्यावर ठेवली आणि उठून उभे राहिले.

"तरीच," ते म्हणाले.